बगदादचा पेटारा, स्पेनचा पेटारा: एका कथेच्या दोन आवृत्त्या

अगाथा ख्रिस्तीच्या ‘द मिस्टरी ऑफ द बगदाद चेस्ट’ आणि ‘द मिस्टरी ऑफ द स्पॅनिश चेस्ट’ या मुळात एकच कथा आहेत, हे तिच्या हर्क्यूल पॉयरो या गुप्तहेराच्या वाचकांना सांगायला नको. संध्याकाळी पार्टी रंगते, ग्रामोफोनवर नाच होतो आणि सकाळी नोकराला त्याच खोलीतल्या पेटाऱ्याखाली डाग दिसतो, आत प्रेत असतं. वाद असतो तो आटोपशीर कथा बरी की ऐसपैस, यावर. खुन्याचं नाव इथे फोडत नाही.

कथा वाढवण्याची ही सवय जुनी. 1923 साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात पॉयरोच्या कथांचा रतीबच चालू होता. पानं मोजकी, त्यामुळे सुगावा आणि उलगडा बसायचा, संशयितांना मात्र धड तोंड उघडायलाही जागा नसायची. यातल्याच काही कथा लेखिकेने पुढे उकलून पुन्हा विणल्या. 1937 च्या ‘मर्डर इन द म्यूज’ संग्रहातल्या चारपैकी तीन दीर्घकथा अशा आधीच्या लघुकथांवरून बेतलेल्या आहेत. त्यातल्या ‘डेड मॅन्स मिरर’मध्ये तर खुनीच बदलला. ती मूळ 1932 च्या ‘द सेकंड गाँग’ची वाढीव आवृत्ती. म्हणजे ‘वाढवलेली’ म्हटलं की नुसतं पाणी घातलं असं समजायचं कारण नाही.

पेटाऱ्याची लघुकथा, म्हणजे ‘बगदाद चेस्ट’, जानेवारी 1932 च्या एका इंग्रजी मासिकात आली. दीर्घ रूप आलं 1960 साली, नाताळच्या तोंडावर निघालेल्या ‘द ॲडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग’ या संग्रहात. प्रस्तावनेत लेखिका स्वतःला स्वयंपाकी म्हणवते आणि या कथेला पंगतीतल्या दोन मुख्य पदार्थांत बसवते. दुसरा मुख्य पदार्थ म्हणजे संग्रहाची नावकथा, आणि तीही 1923 च्या एका कथेचीच वाढ. तिच्या नावांचा गोंधळ वेगळाच. लघुकथेचं पहिलं नाव दीर्घ कथेला गेलं, लघुकथेला पुढे ‘ख्रिसमस ॲडव्हेंचर’ हे नाव मिळालं, तर अमेरिकेत दीर्घ कथा ‘द थेफ्ट ऑफ द रॉयल रुबी’ म्हणून छापली गेली. तुलना करायला बसलेला वाचक इथे हमखास चकतो.

पेटाऱ्याच्या बाबतीत खरा वादाचा निर्णय लांबीचा नाहीच, तो पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज याला काढण्याचा आहे. 1932 ची कथा हेस्टिंग्ज सांगतो. पहिल्याच वाक्यात तो वर्तमानपत्रातल्या मथळ्यावर खूश होतो आणि तसं पॉयरोला बोलून दाखवतो. त्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, आणि त्याची नजर भलतीकडेच असते. एवढ्याशा जागेत कोडं लपवायला याहून चांगली सोय नाही. 1960 मध्ये तो नाही. कथा तृतीयपुरुषी झाली आणि सुरुवातीला पॉयरोची सेक्रेटरी मिस लेमन आली. पेटाऱ्यातल्या प्रेतापेक्षा तिला फायलिंगची पद्धत जास्त जवळची! पॉयरो तिच्यासमोर प्रकरण काढून बघतो, ती काही पाघळत नाही, आणि त्याला हेस्टिंग्जची आठवण येते. हे प्रकरण त्याला किती आवडलं असतं, त्याने कल्पनेचे काय काय इमले बांधले असते, असं त्याच्या मनात येऊन जातं. ज्याला कथेतून काढलं त्याचीच उणीव कथेतल्या माणसाला भासावी, ही चलाखी मला दोन्ही आवृत्त्यांमधली सगळ्यात मजेची वाटते. लघुकथेचे कैवारी तिच्याकडे काणाडोळा करतात.

निवेदक गेल्यामुळे मोकळी झालेली जागा भेटीगाठींना मिळाली. पार्टीला आलेले स्पेन्स पती-पत्नी आणि मृताचा जुना मित्र पॉयरोशी वेगवेगळे बोलतात, आणि प्रत्येकाच्या बोलण्यातून मृताची बायको मार्गारिटा क्लेटन थोडी थोडी उभी राहते. तिच्या साधेपणाने पुरुषांचं डोकं का फिरावं, हे दीर्घ कथेतच पटतं. कोडं मात्र किंचित सैल होतं, कारण ज्याच्याशी पॉयरो सावकाश बोलतो त्याच्याकडे वाचकही सावकाश बघतो.

पुढे 1991 च्या ब्रिटिश दूरचित्रवाणी रूपांतराने दोन्हीकडचं उचललं. नाव ‘स्पॅनिश चेस्ट’चं, पण हेस्टिंग्ज परत हजर, आणि त्या जुन्या मित्राचं नाव दीर्घ कथेतलं मॅकलॅरन नव्हे, तर लघुकथेतलं कर्टिस. पडद्यावरून पुस्तकाकडे आलेले वाचक पात्रांची नावं जुळेनात म्हणून गडबडतात ते यामुळे. लघुकथा अमेरिकेत 1939 च्या ‘द रेगाटा मिस्टरी’ संग्रहात होती. ब्रिटनमध्ये तो संग्रह तसा निघालाच नाही. तिथे ती 1997 च्या ‘व्हाइल द लाइट लास्ट्स’मध्ये आली, ‘ख्रिसमस ॲडव्हेंचर’च्या सोबतीने. त्यामुळे 1960 चा संग्रह आणि हा, असे दोन हाताशी असले तर दोन्ही जोड्या ताडून बघता येतात. पेटाऱ्याची आधी लघुकथा वाचावी. उलट क्रमाने वाचली तर हेस्टिंग्जच्या निवेदनाला फसायची गंमत हातची जाते.