अभिव्यक्तीपर निसर्ग फोटोग्राफी

समोर काय होतं याच्यापेक्षा ते बघताना आपल्याला काय वाटलं हे ज्या फोटोत उतरतं तो हा प्रकार. ओळख पटवण्यासाठी पक्ष्याचा फोटो काढला तर चोच, डोळा, पिसं सगळं शार्प लागतं, इथं तसं बंधन नाही, पक्षी धुक्यातला एक काळा ठिपका असला तरी चालतो. एकाच जागी उभ्या असलेल्या दोघांचे फोटो वेगळे येतात आणि ते तसेच यायला पाहिजेत.

हे सगळं मोबाईल आल्यावर सुरू झालं असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. अमेरिकेतल्या आल्फ्रेड स्टिगलिट्झनं १९२२ पासून ढगांचे फोटो काढायला घेतले, पुढे त्या मालिकेला ‘इक्विव्हॅलंट्स’ नाव दिलं, बऱ्याच फोटोंत क्षितिजच नाही त्यामुळे वरची बाजू कुठली तेही समजत नाही. एडवर्ड वेस्टननं १९३० मध्ये एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला, तो एकदम शार्प आहे आणि तरी बघताना पीळदार शरीर बघतोय असं वाटतं. म्हणून कॅमेरा हलवून सगळं धूसर केलं की झाली अभिव्यक्ती, हे काही खरं नाही, निम्मे हलवलेले फोटो नुसते हललेलेच असतात.

गोव्यात हे करायचं तर पहिली अडचण म्हणजे पोस्टकार्ड. वाकलेला माड, होडी, मावळता सूर्य हे इतक्यांदा बघितलंय की किनाऱ्यावर गेलं की हात आपोआप तीच फ्रेम लावतो. त्यातून सुटायचं तर पावसाळ्यात आत जायचं, सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांकडे. दूधसागर धबधबा ३१० मीटर उंच, सगळे तो पूर्ण फ्रेममध्ये बसवतात, पण टेलीलेन्सनं (लांबचं जवळ आणणारी लेन्स) फक्त काळा खडक आणि त्यावरून सुटणारं पाणी एवढंच घेतलं तर तो धबधबा कुठला हा प्रश्नच उरत नाही. चोर्ला घाटाच्या धुक्यात कॅमेरा सगळं राखाडी करून टाकतो, एक्स्पोजर साधारण एक स्टॉप वाढवावं लागतं, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घ्यावा लागतो. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर या लेन्सपुढे लावायच्या फिल्टरनं जाते आणि हिरवा गडद होतो, पण कधी कधी ती चकाकीच पाऊस सांगत असते, मग फिल्टर काढून ठेवायचा.

खाजनं तर या कामासाठी खासच. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही शेतं बांध घालून खाडीपासून राखलेली, मानशीची (बांधातली पाण्याची वाट) लाकडी दारं भरती-ओहोटीच्या जोरावर आपोआप मिटतात-उघडतात, त्यामुळे दिवाडी, चोडण या बेटांच्या बाजूला एकाच जागेचं प्रतिबिंब सकाळी वेगळं आणि दुपारी चिखल. इथं सूर्योदयाच्या वेळेबरोबर भरतीचं वेळापत्रकही बघावं लागतं.

खरा पेच म्हादई अभयारण्यातल्या चमकणाऱ्या अळंब्यांचा. पावसाळी रात्री ही बारीक अळंबी स्वतःच्या उजेडानं चमकतात, माणसाच्या डोळ्याला अंधारात रंग नीट कळत नाही म्हणून आपल्याला फिकट पांढरट काहीतरी दिसतं आणि लांब एक्स्पोजर दिल्यावर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवल्यावर, स्क्रीनवर झगझगीत हिरवं. मग आपण बघितलं ते खरं की कॅमेऱ्यानं बघितलं ते? माझ्या मते फिकटच ठेवावं, बाकी लोक हिरवा अजून चढवतात आणि लाईकही त्यालाच पडतात.

जांभ्या दगडाच्या सड्यांवर (सपाट माळांवर) पाऊस ओसरताना सीतेची आसवं फुलतात, निळ्याजांभळ्या फुलांचा नुसता थर. जमिनीलगत कॅमेरा ठेवून पुढची फुलं धूसर सोडायची हा इथला नेहमीचा प्रकार, फक्त त्यासाठी पोटावर झोपताना खालची झाडं चिरडली जातात, तेव्हा उघड्या दगडावरूनच काढलेलं बरं. चवथीच्या माटोळीसाठी (गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची सजावट) रानातून फळं-पानं आणणारी माणसं कुठलं काय कधी पिकतं ते लांबून ओळखतात, त्यांच्याबरोबर एकदा रानात फिरलं तर नवीन लेन्सपेक्षा जास्त फायदा होतो (लेन्स विकणाऱ्यांना हे सांगू नका).

स्पर्धेला फोटो पाठवताना मात्र जपून. फियाप (आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी महासंघ) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) या संस्थांच्या ‘नेचर’ विभागात मुळात नसलेलं काही घालणं किंवा असलेलं काढून टाकणं चालत नाही, अनेक एक्स्पोजर एकत्र केलेले मनासारखे फोटो ‘ओपन’ विभागात टाकावेत.