गुळव्याला कसं कळतं?

माझी भाची यंदा बारावीत आहे. मागच्या महिन्यात ती दोन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आली आणि येताना एक वाक्य बरोबर घेऊन आली: "बुद्धीचा ताबा सोडा, आतला आवाज कधीच खोटं बोलत नाही." आल्या आल्या तिने मला विचारलं, "मामा, मग इंजिनिअरिंग का डिझाईन हेपण तसंच ठरवू काय? डोळे मिटून पहिलं मनात येईल ते?"

तिने मनापासून विचारलं होतं, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं होतं. आतला आवाज ही थाप नाही. तो मेंदूत कसा घडतो हे आज बऱ्यापैकी माहीत आहे आणि तो कुठे फसतो हेही माहीत आहे. मी तिला पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेलो.

काहिलीत रस उकळत होता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रसाचं तसं नाही. पाणी उडत जातं तसा पाक दाट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. १०५-१०६ अंशांना काकवी होते, ढेपेचा गूळ व्हायला ११८ अंशांच्या जवळपास जावं लागतं. शेवटी पाणी इतकं थोडं उरलेलं असतं की त्यातलं जरासं उडालं तरी तापमान भरभर वर जातं. काहिल लवकर उतरवली तर गूळ मऊ पडतो, उशीर झाला तर काळपट होतो. म्हणजे सगळा हंगाम त्या मिनिटभराच्या निर्णयावर. आणि तो घेणाऱ्या गुळव्याजवळ, तात्यांजवळ, थर्मामीटर नाही.

"कसं कळतंय तात्या?" भाचीने विचारलं.

"बुडबुडा बदलतोय की," ते म्हणाले. आधी फेस बारीक असतो, मग बुडबुडे मोठे आणि जड होतात, फुटताना आवाज जाड येतो. हे समजावून सांगता सांगता त्यांचा हात थांबला आणि ती काहिल थोडी जास्त आटली. "बोलत बसलो आन् एक वाफ जादा गेली," म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. ही चूक लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

तात्यांना जे कळतं ते साठतं कुठे? १९९६ साली नोल्टन, मँगेल्स आणि स्क्वायर यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. आकृत्या काढलेली पत्ती बघून पाऊस की ऊन ते सांगायचं. कोणतीच पत्ती पूर्ण भरवशाची नाही, नुसता कल आहे. हिप्पोकॅम्पस वगैरे भागांना इजा होऊन स्मृती गेलेले रुग्ण हे निरोगी माणसांसारखंच शिकले, पण आपण काय खेळलो हे त्यांना नंतर सांगता येईना. पार्किन्सनच्या रुग्णांचं बरोबर उलटं झालं. त्यांना खेळाची सगळी माहिती आठवत होती, अंदाज मात्र सुधारत नव्हता. म्हणजे 'आठवणं' आणि 'कळणं' यांच्या मेंदूतल्या वाटा निराळ्या आहेत.

पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी मरत जातात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांमधल्या याच पेशींचे विद्युत संकेत टिपले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात कडकडत. रसाआधी दरवेळी एक खूण दिली, की काही दिवसांनी पेशी खुणेलाच कडकडत आणि रस आला तरी गप्प राहत. खूण देऊन रस दिला नाही, तर ज्या क्षणाला तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणाला पेशी नेहमीपेक्षाही शांत होत. डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन, असं आपण सगळीकडे वाचतो. पण या पेशी सुख मोजत नव्हत्या, मिळालेलं आणि अपेक्षित यांतला फरक मोजत होत्या. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये हे मांडलं, तेव्हा संगणकशास्त्रातलं एक सूत्र आणि माकडाच्या मेंदूतली पेशी एकमेकांना जुळली. मला आजही ते वाचताना अंगावर काटा येतो.

सूत्र असं: नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + वाटा × (मिळालं − अपेक्षित). वाटा म्हणजे त्या फरकाचा किती हिस्सा एका खेपेला शिकायचा. तो ०.३ धरा, बक्षीस १० धरा. सुरुवातीची अपेक्षा ०. पहिल्या खेपेला ती ३ होते, दुसऱ्याला ५.१, तिसऱ्याला ६.५७, चौथ्याला ७.६. दर खेपेला फरक आणि त्याबरोबर शिकणं कमी होत जातं. पण पाचव्या खेपेला काहीच मिळालं नाही तर फरक थेट उणे ७.६! तो फरक डोपामिनच्या रूपाने मेंदूच्या आत खोल असलेल्या स्ट्रायटम या भागात पोहोचतो. तिथे एकेका पेशीवर मेंदूच्या सालीतून हजारो धागे येतात. नुकतेच जागे झालेले जोड फरकाप्रमाणे घट्ट किंवा सैल होतात. हे हजारदा घडलं, की अपेक्षा बक्षिसाकडून मागे सरकत सर्वांत आधीच्या खुणेला चिकटते. नवशिक्या गुळव्याला दुसऱ्या दिवशी ढेप बघून कळतं. पुढे गार पाण्यात पाकाची गोळी वळून कळतं. तात्यांना बुडबुड्यावरच कळतं. बेरजा सगळ्या होतात, फक्त त्या शब्दांत येत नाहीत.

याच मध्यमेंदूच्या नावाने मध्यंतरी गावोगाव 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग निघाले. पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे. नाकाजवळच्या फटीतून दिसतं, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवलं. पालकांचे पैसे गेले ते गेलेच, पण मुलांना खोटं बोलायची सवय लावली याची मला जास्त चीड येते. मध्यमेंदू कुणी 'चालू' करावा लागत नाही. पाळण्यातल्या बाळाचाही तो चालूच असतो.

आता ताबा सोडण्याबद्दल. सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फुटबॉल खेळाडूंना खांबांमधून चेंडू काढायला लावला. मुरलेल्या खेळाडूंना 'पायाकडे लक्ष द्या' म्हटलं की उजव्या पायाचा खेळ बिघडे. कानावर पडणारे शब्द ओळखण्यात लक्ष गुंतवलं की तोच खेळ चांगला होई. तात्यांची काहिल अशीच बिघडली. पण खरी मेख पुढे आहे. त्याच खेळाडूंना डाव्या पायाने खेळायला लावलं, तेव्हा मात्र पायाकडे लक्ष दिल्यावर खेळ सुधारला. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच बघणाऱ्याला हे पटायला प्रयोग लागणार नाही. माणूस तोच, पण ताबा उजव्या पायाचा सोडायचा, डाव्याचा नाही.

मग आपला डावा पाय कोणता, हे कसं ओळखायचं? आतल्या आवाजावर शंका घेणारे कानमन आणि त्यावर भरवसा ठेवणारे क्लाइन हे मानसशास्त्रज्ञ विरुद्ध बाजूंना उभे होते, तरी २००९ मध्ये एकत्र लिहून दोन अटींवर सहमत झाले. त्या क्षेत्रात खुणांना काही नियम असला पाहिजे आणि तो शिकायला पुरेसा काळ खरा-खोटा निकाल कळत राहिला पाहिजे. बुडबुड्याला नियम आहे, निकाल दुसऱ्या दिवशी ढेपेत दिसतो. लॉटरीला यातलं काहीच नाही, पण मनाला ते समजत नाही. एलेन लँगर यांच्या १९७५ च्या प्रयोगात एक डॉलरचं तिकीट स्वतः निवडलेल्यांनी ते विकायला सरासरी ८.६७ डॉलर मागितले, हातात आयतं दिलेल्यांनी १.९६. आतला आवाज दोघांचाही तितकाच खात्रीचा वाटत असणार.

परतताना मी भाचीला म्हटलं, "इंजिनिअरिंग तू एकदाही केलं नाहीस, डिझाईनही नाही. मग तुझ्या आतल्या आवाजाला ते कुणी शिकवलं?" ती गप्प बसली. मग म्हणाली, "सुट्टीत दोन्हीकडं थोडं थोडं काम करून बघितलं तर?" तिच्या बाबांच्या ओळखीचं एक वर्कशॉप शिरोलीला आहे, तिथे विचारायचं ठरलं.

निघताना तात्यांनी २०१९ च्या महापुरानंतरचा हंगाम आठवला होता. बुडालेल्या उसातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतं, आणि असा गूळ धड बसत नाही. "त्या साली बुडबुड्यावर ठेवलंच न्हाई," ते म्हणाले. दर काहिलीला त्यांनी तीन-तीन वेळा गोळी वळली, काहिलीच्या कडेवर आपटून टणक आवाज आला तरच गड्यांना हात घालायला सांगितलं.