लेआउट नाकारल्यावर अपील कुठे? विदर्भातल्या गोंधळाची पार्श्वभूमी

शेतात प्लॉट पाडायला नगरपंचायतीने नकार दिला, की आपल्याकडे माणूस आधी नगराध्यक्षाला भेटतो, मग तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. अपील यांपैकी कुणाकडेच नसतं. यात लोकांना अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. इथल्या जमिनीवर कायद्यांचे इतके थर चढलेत, की कोणता अधिकार कुणाकडे हे सहज कळत नाही.

नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) भागात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा मालगुजारच गावाचा मालक असायचा. घराची जागा आबादीत, म्हणजे गावाच्या वस्तीच्या जमिनीत मिळायची आणि ती मालगुजाराच्या हातात असायची. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा; तिथे वस्तीच्या जागेला गावठाण म्हणत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, आबादी शासनाकडे गेली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला. या सगळ्यात कुटुंबं वाढत गेली, पण आबादी फारशी वाढली नाही. मग गावालगतची शेतं इसारपत्रावर, ग्रामपंचायतीच्या नाहरकतीवर तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. सातबारावर सामाईक नावं, रस्त्याचा पत्ता नाही, आणि बांधकामाच्या परवानगीची वेळ आली की प्लॉट घेणारा गरीब माणूस अडकतो. म्हणूनच लेआउटची परवानगी मुळात असायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

१९६६ साली दोन कायदे झाले. जमीन महसूल संहितेने अकृषक, म्हणजे शेतीशिवायच्या वापराचा विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने रस्ते, नाल्या, मोकळी जागा यांचा विषय नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे नगरपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेकडे दिला. २०१५ च्या आसपास अनेक तालुक्यांच्या गावी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तेव्हा लेआउट मंजुरीचं दार बदललं. लोकांच्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या.

नकार नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ खाली असेल, तर कलम ४७ प्रमाणे अपील राज्य शासनाकडे, किंवा शासनाने नेमलेल्या, उपसचिवापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. मुदत आदेश कळल्यापासून ४० दिवस. नकाराची कारणं आदेशात लिहिलेली असलीच पाहिजेत. तोंडी “होत नाही” ऐकून घरी परतू नये, लेखी आदेश मागावा. ६० दिवसांत निर्णयच कळवला नाही तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो, पण नकाशा नियमात बसणारा असेल तरच. जिल्हाधिकाऱ्यांनी अकृषक परवानगी नाकारली तर वाट वेगळी: संहितेच्या कलम २४७ खाली नागपूर किंवा अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे, ९० दिवसांत.

डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात लेआउट आणि बांधकामासाठी एकच नियमावली आहे. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. छोट्या शेतकऱ्याला हे जड जातं, पण पोरांना खेळायला जागा राहते ती यातूनच.

खरा पेच पोचरस्त्याचा, म्हणजे लेआउटपर्यंत नेणाऱ्या रस्त्याचा. नकाशावर पांदण (शेतांमधला गाडीरस्ता) रुंद दिसते, प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी नांगर घुसून ती बैलबंडीपुरती उरलेली असते. नकार त्यावर असेल तर भूमी अभिलेखकडून पांदणीची मोजणी करून तो नकाशा अपिलाला जोडावा. सर्वांत मोठा आधार तोच. शासनानेही अपील फेटाळलं, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेचा मार्ग उरतो.