किनाऱ्याचा रस्ता सपाट नसतो
दापोली ते रत्नागिरी सायकलने जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "समुद्राच्या कडेकडेने जायचं म्हणजे रस्ता सपाटच ना?" सायकल द्यायच्या आधीच सांगून टाकतो, सपाट नाही. नकाशावर दापोली ते रत्नागिरी जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर दिसतं. पुण्याहून रोज सकाळी पन्नास किलोमीटर मारून येणारी माणसं ते आकडे बघतात आणि दोन दिवसांचा बेत आखतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन येतो, "टेम्पो पाठवता का?"

याचं कारण जमिनीत आहे. कोकणपट्टीवर जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे पठारं, पसरलेत, शे-दीडशे मीटर उंच, वरून ताटासारखे सपाट. सह्याद्रीतून आलेल्या नद्यांनी आणि व्हाळांनी ते जागोजागी चिरलेत. गावं वसली ती खाली, पाण्याच्या आणि माडांच्या आश्रयाने. त्यामुळे एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं म्हणजे सड्यावर चढायचं, सडा ओलांडायचा आणि पुन्हा समुद्रसपाटीला उतरायचं. दिवसात असं चार-पाच वेळा झालं की घाट चढल्याएवढीच चढाई होते, फक्त ती एका जागी दिसत नाही.

उलट खरा घाट सोपा वाटतो, हे ऐकून लोक हसतात. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वरला जा. सुमारे चाळीस किलोमीटर आणि हजार मीटरच्या वर चढाई, पण रस्ता वळणं घेत बेताने चढत जातो. एकदा लय लागली की पाय आपोआप फिरतात. आमच्याकडचे चढ लहान, पण उभे. एका किलोमीटरात शंभर मीटर चढायचं म्हणजे दहा टक्क्यांचा चढ झाला, आणि तो बहुतेक वेळा खाडीच्या धक्क्यावरून उतरल्या उतरल्या, पाय थंड असतानाच सुरू होतो. म्हणून आमचा नियम एकच: किलोमीटर मोजायच्या आधी खाड्या मोजा.

आम्ही सुचवतो तो मार्ग चार दिवसांचा आहे. पहिल्या दिवशी दापोलीहून दाभोळ. दापोली उंचावर, त्यामुळे सुरुवातीला उतार जास्त. शेवटचा उतार वळणावळणांचा आहे, तिथे ब्रेक सतत दाबून धरू नका, सोडत-दाबत उतरा. दाभोळला वाशिष्ठीची खाडी लागते. फेरीबोटीत गाड्यांबरोबर सायकलही जाते. पलीकडे धोपावे, तिथून पुन्हा चढून गुहागर. ही बोट नसती तर खेड-चिपळूण फिरून शंभरेक किलोमीटरचा वळसा पडला असता. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात या खाड्यांवर पूल आहेत. ते झाले की वेळ वाचेल हे खरं, पण बोटीवर मिळणारी पंधरा मिनिटांची विश्रांती आम्हाला तरी चुकल्यासारखी वाटेल.

दुसरा दिवस मुद्दाम छोटा ठेवलाय. गुहागरहून वेळणेश्वर आणि हेदवी. अंतर पाहून अनेकजण "एवढंच?" म्हणतात. हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ आहे, आणि समुद्रावर बामणघळ आहे. खडकातल्या अरुंद चिरेत भरतीची लाट शिरते आणि पाणी उंच उडतं. ओहोटीला तिथे काहीच दिसत नाही, म्हणून भरतीची वेळ गावात विचारून जा आणि कडेपासून लांब उभे राहा.

तिसऱ्या दिवशी तवसाळ. शास्त्री नदीची खाडी बोटीने ओलांडली की जयगड. तवसाळपर्यंत रस्ता निवांत आहे. जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प असल्यामुळे अवजड ट्रक भेटतात, तेवढा टापू एकामागोमाग एक रांगेत काढा, गप्पा मालगुंडला मारा. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. तिथून गणपतीपुळे अगदी जवळ.

चौथ्या दिवशी आरे-वारे. या वाटेवर समुद्र सगळ्यात जास्त वेळ सोबत असतो: डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खाली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. फोटो काढायला मध्येच थांबू नका. वळणापलीकडून येणाऱ्या गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. रत्नागिरीचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर, चढावर आहे, गाडीच्या वेळेत तोही चढ धरा. सायकल रेल्वेने न्यायची असेल तर पार्सल ऑफिसात बुक करावी लागते, त्याला वेळ लागतो.

बोटींबद्दल एक गोष्ट ठळक सांगायची आहे. शेवटची फेरी कधी, हे आदल्या दिवशीच मुक्कामाच्या घरी विचारून ठेवा. आमचा एक गट तवसाळच्या धक्क्यावर पोचला तेव्हा बोट खाडीच्या मध्यावर होती, आणि ती त्या दिवसाची शेवटची होती. त्यांना रात्री परत हेदवीचा चढ चढावा लागला.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच का? हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून वायव्येचं वारं सुटतं. दक्षिणेला जाताना ते पाठीला लागतं. उलट निघालात तर सड्यावर ते थेट छातीवर येतं. तरीही दुपारी सड्यावर असू नये. वर झाड नाही, सावली नाही, पाण्याचा नळ नाही, आणि काळा कातळ तव्यासारखा तापतो. सहाला निघा, अकराच्या आत गावात उतरा. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, त्यातली एक मीठ घातलेल्या कोकम सरबताची. जेवण मात्र आधी फोन करून सांगा. आमच्या गावांतल्या खानावळी ऑर्डरप्रमाणेच शिजवतात. अचानक बाराला गेलात तर चहा आणि बिस्किटांवर दिवस काढावा लागेल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. मार्चपासून घाम वाळत नाही. जून ते सप्टेंबर आम्ही या मार्गावर सायकली देत नाही: रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं आणि घाटात दरडी येतात. शिमग्यात यायचं असेल तर जरूर या, फक्त सुटे पैसे ठेवा. वाटेत पोरं दोरी धरून पोस्त मागतात आणि सायकलवाल्यालाही सोडत नाहीत.

आमच्या सायकलींना पुढे लहान चकती 34 दातांची आणि मागे सगळ्यात मोठी 34 दातांची असते. शहरात एवढा हलका गिअर लागत नाही, इथे पहिल्याच तासात लागते. टायर 32 मिलीमीटरचे देतो, कारण जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या ट्रकांनी काही रस्ते उखडलेत. स्वतःची सायकल आणणार असाल आणि तिला रिम ब्रेक असतील, तर पॅड नवे घालून या. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करा. चढात जोर लावून गिअर बदलला की चेन तुटते, आणि तिथे आम्ही पोचेपर्यंत किमान तास जातो.

मोबाईलच्या नकाशाने दाखवलेला जवळचा रस्ता घेऊ नका. अशा जवळच्या वाटांनी गेलेले आमचे ग्राहक कधी पाखाडीच्या पायऱ्यांवर, तर कधी कुणाच्या आंब्याच्या कलमांत पोचलेत. आम्ही दिलेल्या कागदावरचीच वाट धरा. शंका आली तर गावात विचारा, पण "किती लांब" ऐवजी "घाटी किती", म्हणजे चढ किती, असं विचारा.

शेवटी, पुळणीवर सायकल चालवू नका. फोटोत छान दिसतं. ओली वाळू आणि खारं पाणी चेनमध्ये गेलं की दोन दिवसांत गंज धरतो. रोज मुक्कामाला पोचल्यावर चेन गोड्या पाण्याने पुसा, सुकू द्या आणि सोबत दिलेल्या बाटलीतलं तेल दोन-दोन थेंब सोडा. वाळू भरलेली सायकल परत आली तर साफसफाईचे पैसे वेगळे घेतो, आणि ते अनामतीतून कापतो.