ड्यूटेरियम

ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) : हायड्रोजनचा स्थिर समस्थानिक. साध्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात नुसता एक प्रोटॉन असतो. इथे त्याच्या जोडीला एक न्यूट्रॉन येतो आणि वस्तुमान जवळजवळ दुप्पट होते. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये तो शोधला व १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. तो किरणोत्सारी नाही; ती खोड त्याच्या धाकट्या भावाची, ट्रिटियमची.

निसर्गात सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे ड्यूटेरियमचा एक अणू सापडतो. पंचगंगेच्या पाण्याने भरलेल्या १५ लिटरच्या घागरीत तो जेमतेम अर्धा ग्रॅम भरेल. पाण्याच्या रेणूतले दोन्ही हायड्रोजन अणू जड असतील तर ते 'जड पाणी'. कोल्हापूरकडे बोअरच्या पाण्याला फेस येत नाही, म्हणून त्यालाही जडच म्हणतात. पण तो क्षारांचा प्रताप, त्याचा इथे संबंध नाही. खरे जड पाणी साध्या पाण्यापेक्षा वजनाला सुमारे ११ टक्के जास्त भरते, ३.८ अंश सेल्सिअसलाच गोठते आणि १०१.४ अंशांना उकळते. दिसायला दोन्ही सारखीच. मात्र जड पाण्याचा बर्फाचा खडा साध्या पाण्याच्या पेल्यात टाकला, की तो तरंगत नाही, सरळ तळ गाठतो.

मुख्य उपयोग अणुभट्टीत. जड पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते, पण त्यांना फारसे गिळत नाही. म्हणून समृद्ध न करता (युरेनियम-२३५ चे प्रमाण न वाढवता) नैसर्गिक युरेनियमवरही भट्टी चालते. तारापूरचे तिसरे व चौथे एकक अशाच प्रकारचे आहेत. रायगड जिल्ह्यातील थळ येथे जड पाण्याचा कारखाना आहे.

शिवाजी विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ड्यूटेरियम भेटते ते एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपून रेणूची रचना ओळखणाऱ्या तपासणीच्या) बारीक नळीत. नमुना साध्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला तर द्रावकातल्या हायड्रोजनचाच संकेत नमुन्यावर कुरघोडी करतो, म्हणून ड्यूटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म वापरतात. शिवाय कार्बन-ड्यूटेरियम बंध सावकाश तुटतो. याच जोरावर शरीरात जास्त वेळ टिकणारी औषधे बनतात; २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ड्यूटेट्राबेनाझिन त्यांपैकी पहिले.

भूजल कुठून आले हे शोधतानाही तो वाटाड्या ठरतो. ढग घाट चढताना जड रेणू आधी गळतात, त्यामुळे गगनबावड्याकडून पूर्वेला सरकताना पावसाच्या पाण्यातले ड्यूटेरियम किंचित कमी होण्याकडे कल असतो. उलट बाष्पीभवनात हलके रेणू आधी उडतात. मे महिन्यात रंकाळ्याचे पाणी खाली गेले, की उरलेल्यात ड्यूटेरियमचे प्रमाण थोडे वाढलेले असते.