सॅटर्न-५ची प्रतिकृती सरळ उडवायची तर

रॉकेटची प्रमाणबद्ध प्रतिकृती करायला बसणारा नवखा माणूस बहुधा आधी प्रमाण ठरवतो आणि मग त्या मापाच्या नळीसाठी दुकाने पालथी घालतो. ज्यांचा हात बसला आहे ते आधी नळी पाहतात. ११० मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पीव्हीसी पाइपावर मेणकागद गुंडाळावा, त्यावर गोंद लावलेल्या कागदाचे थर चढवावेत आणि थरांची जाडी १ मिलिमीटर झाली की वाळल्यावर पाइप आतून ओढून काढावा, ११.२ सेंटिमीटर व्यासाची हलकी, ताठ नळी हाती येते. माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचा पहिल्या टप्प्याचा व्यास १०.१ मीटर होता, म्हणजे १:९० हे प्रमाण नळीनेच ठरवून दिले. त्या हिशेबाने ११०.६ मीटरची उंची सुमारे १२३ सेंटिमीटरवर येते आणि ६.६ मीटर व्यासाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७.३ सेंटिमीटरची दुसरी नळी करावी लागते.

बाह्यरूप असे भागाकाराने मिळते, पण उड्डाण मिळत नाही. लांबी ९० पट घटली की पृष्ठभाग ८,१०० पट आणि घनफळ ७,२९,००० पट घटते. मूळ रॉकेटचे उड्डाणाच्या वेळचे वस्तुमान सुमारे २९ लाख किलो आणि जोर सुमारे ३.४ कोटी न्यूटन होता. दोन्ही आकडे ७,२९,०००ने भागले तर ४ किलोची प्रतिकृती आणि ४७ न्यूटनचा जोर असे उत्तर येते. जोर वजनाच्या जेमतेम १.२ पट. खऱ्या सॅटर्नला एवढा पुरला, कारण त्याच्या पाच इंजिनांपैकी बाहेरची चार इंजिने हलवता येत असत आणि वर बसवलेला संगणक त्यांना सतत वळवून रॉकेटचा तोल सांभाळत असे. त्यामुळे शेजारचा मनोरा ओलांडायला दहाएक सेकंद लागले तरी ते सरळ उभे राही. प्रतिकृतीत ना संगणक असतो ना वळणारे इंजिन. तिला सरळ ठेवतात ते फक्त मागचे पंख, आणि पंखांना काम करायचे तर त्यांच्यावरून वारा जोरात वाहायला हवा. उडताना सुरुवातीला आधार देणारी सव्वा मीटरची प्रक्षेपण दांडी सोडताना १.२ पट जोराच्या प्रतिकृतीचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वादोन मीटर असेल, आणि त्या वेगाला पंख निरुपयोगी ठरून ती तिथेच कलंडेल. जोर वजनाच्या पाचपट ठेवला तर तोच वेग १० मीटरच्या आसपास जातो. म्हणून एवढी मोठी प्रतिकृती ४ किलोंची न ठेवता ४०० ग्रॅमच्या आसपास बसवावी लागते, आणि त्यासाठी साधारण २० न्यूटन जोर पुरतो.

पंखांचा प्रश्न याहून अवघड आहे. सॅटर्न-५च्या तळाशी चार पंख होते आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर होते. १:९० प्रमाणात तो पंख जेमतेम ३ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनाएवढा होतो. उडणाऱ्या वस्तूचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य, म्हणजे दाबकेंद्र, त्याच्या मागे असला, तरच ती वाऱ्यात भरकटल्यावर पुन्हा सरळ होते. या दोन बिंदूंमध्ये निदान एका व्यासाचे, म्हणजे इथे ११ सेंटिमीटरचे अंतर असावे, असा रिवाज आहे. दाबकेंद्र शोधण्याची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे प्रतिकृतीची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर कापून ती पट्टीच्या धारेवर तोलणे. ती जरा जास्तच सावध उत्तर देते. नासाचे अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या समीकरणांनी नाकाचा शंकू, खांदे (नळीचा व्यास बदलतो ते भाग) आणि पंख यांचा वाटा वेगवेगळा काढून बेरीज करता येते, आणि आज हौशी मंडळी याच पद्धतीने हिशेब करतात. उत्तर मनासारखे आले नाही, तर दोन वाटा उरतात: नाकात वजन भरायचे, किंवा मूळ पंखांच्या बाहेर पारदर्शक प्लास्टिकचे मोठे पंख जोडायचे. दुसरी वाट सोपी आहे, पण जवळून पाहिले की ते प्लास्टिक डोळ्यांत खुपते. मी पहिलीच निवडीन.

नाकातल्या वजनामुळे शेपटीकडच्या प्रत्येक ग्रॅमची किंमत कळते. गुरुत्वमध्याच्या मागे ४० सेंटिमीटरवर १० ग्रॅम पुट्टी जास्त लागली, तर ती तोलायला पुढे ५० सेंटिमीटरवर ८ ग्रॅम शिसे घालावे लागते आणि एकूण भार १८ ग्रॅमने वाढतो. म्हणून सॅटर्नच्या अंगावरच्या उभ्या पन्हळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवून करण्यापेक्षा कागदावरच उठवाव्यात. पातळ कागद मऊ रबरी पॅडवर ठेवून, पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने समान अंतरावर रेघा दाबत जायचे आणि कागद उलटून नळीभोवती गुंडाळायचा. परीघ ३५.२ सेंटिमीटर असल्याने अंतर असे निवडावे की शेवटची रेघ पहिलीशी बरोबर जुळेल, नाहीतर तो सांधा रंग दिल्यावरही लपत नाही. हे काम एका बैठकीत उरकू नये; हात थकला की रेघ खोल जाते आणि कागद फाटतो.

रंगाला हात लावण्याआधी नेमके कोणते सॅटर्न करायचे ते ठरवावे. ९ नोव्हेंबर १९६७ ते १४ मे १९७३ या काळात १३ सॅटर्न-५ उडाली आणि ती सगळी एकसारखी नव्हती. स्कायलॅब ही अवकाश प्रयोगशाळा नेणाऱ्या शेवटच्या रॉकेटचा तर माथाच वेगळा होता. ह्यूस्टन, हंट्सव्हिल आणि फ्लोरिडाच्या केनेडी अवकाश केंद्रात आडवी ठेवलेली सॅटर्न पाहायला अमेरिकेतली मराठी कुटुंबे जातात आणि तिथे काढलेली छायाचित्रे मापांसाठी फार उपयोगी पडतात. मात्र त्यांपैकी एकही उडालेले नाही. अपोलो-११ची प्रतिकृती करायची तर रंगासाठी जुलै १९६९ मधली प्रक्षेपणतळावरची छायाचित्रेच प्रमाण मानावीत.

मोटर, म्हणजे प्रतिकृतीला जोर देणारी इंधन भरलेली नळी, मात्र घरी करू नये. १९५०च्या दशकात अमेरिकेत इंधनाची मिश्रणे स्वतः ठासताना मुले जखमी होत होती. नेब्रास्कातले चपलांचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल यांनी १९५४च्या सुमारास एकदाच वापरायची तयार मोटर बनवली, तेव्हा कुठे हा छंद सुरक्षित झाला. कारखान्यातली मोटर विजेच्या तारेने दुरून पेटवतात, ती विझल्यावर काही सेकंद विलंब-मिश्रण धुमसते आणि मग छोटा स्फोट पॅराशूट बाहेर ढकलतो. भारतात हे सारे स्फोटकांच्या कायद्याखाली येते, त्यामुळे परवानगीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

उड्डाणाचे चित्रण जरूर करावे. सॅटर्नच्या अंगावरचे काळे-पांढरे चौकोन शोभेसाठी नव्हते. रॉकेट स्वतःभोवती किती फिरते हे जमिनीवरच्या कॅमेऱ्यांना दिसावे म्हणून ते रंगवलेले होते. प्रतिकृतीच्या चित्रणात तेच चौकोन भराभर बाजू बदलताना दिसले, तर चारपैकी एखादा पंख तिरका चिकटला आहे असे समजावे आणि पुढच्या उड्डाणाआधी तो काढून गुण्याने तपासून पुन्हा बसवावा.