दुर्बीण तीच, दुखणं वेगळं: भगंदर आणि पायलोनायडल सायनस

भगंदर काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. गुदद्वाराजवळ गळू येतं, फुटतं, भोक राहतं आणि पू येत राहतो. क्षारसूत्रही, म्हणजे त्या वाटेत औषध लावलेला दोरा ओवणं, ऐकलेलं असतंच. त्यावर मी वेळ घालवत नाही.

वैताग येतो तो पुढच्या प्रसंगाचा. विशीतला पोरगा, पाठीवर दाट केस, दिवसभर खुर्चीत नाहीतर बाइकवर. माकडहाडापाशी ओलसर भोक, चड्डीला डाग. नागपुरात धंतोलीत तपासायला येतो आणि बसायच्या आधीच सांगतो, "भगंदर आहे साहेब, लेझर करून द्या ना जी." दोन महिन्यांपासून इसबगोल चालू, सावजी बंद. अरे बाबा, तुझं दुखणं पायलोनायडल सायनस, त्याचा पोटाशी संबंधच नाही!

बाहेरचं भोक दोन्हीकडे सारखंच दिसतं, गल्लत तिथूनच सुरू होते. भगंदराची वाट आत गुदनलिकेत उघडते, आणि बहुधा शौच रोखून धरणाऱ्या स्नायूतून जाते. तो स्नायू जास्त कापला गेला तर माणसाचा ताबा जातो. तिथली सगळी नाजूक तंत्रं या भीतीपोटी आली.

पायलोनायडलची वाट गुदनलिकेपर्यंत जातच नाही. दोन कुल्ल्यांमधल्या फटीत, अगदी मध्यरेषेवर, बारीक छिद्रं असतात. गळलेले केस घर्षणानं त्यांतून आत शिरतात, कातडीखाली पुंजका साचतो आणि पू भलतीकडेच भोक पाडून बाहेर येतो. लॅटिनमध्ये पायलस म्हणजे केस, नायडस म्हणजे घरटं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांत हा त्रास इतका होता की त्याला जीपचा आजार म्हणत.

घोळाला एक सबब आहे, हे कबूल. इटलीचे सर्जन मैनेरो यांनी भगंदरासाठी बारीक दुर्बीण वापरली, आणि पुढे पायलोनायडलमध्येही तीच घातली. पण काम बदललं. भगंदरात आतलं तोंड शोधून बंद करणं महत्त्वाचं. इथे तसलं तोंडच नसतं. दुर्बिणीतून दिसणारे केस चिमट्यानं वेचायचे, पोकळी खरवडून आतून भाजायची, मध्यरेषेवरची छिद्रं काढायची. केस आत राहिले तर लेझर कितीही महागडं असो, पू परत येतो. म्हणून नुसती लेझरची तार फिरवून मोकळं होणं मला पटत नाही.

एमआरआय भगंदरात बऱ्याचदा लागतो, पायलोनायडलला सहसा नाही. ठणकणारं गळू असेल तर दोन्हीकडे आधी पू काढायचा, बाकीचं नंतर.

पहिल्यांदाच झालंय, पसारा लहान आहे, तर दुर्बीण किंवा नुसती छिद्रं कोरून काढणं. माझी पसंती याला. जखम छोटी, माणूस लवकर कामावर. वारंवार उलटलेलं, चारी बाजूंना पसरलेलं असेल तर मात्र दुर्बिणीचा हट्ट नको, फ्लॅप करा, म्हणजे शेजारची कातडी सरकवून जखम झाका. आणि टाके मध्यरेषेवर घालू नका. तिथली जखम उसवते, दुखणंही परततं.

ऑपरेशननंतर केसांवर लक्ष हवंच. आत सापडणारे केस पाठीचेच असतात असं नाही, पुष्कळदा डोक्याचे, कात्रीनं कापलेले बारीक तुकडे निघतात. कटिंग करून आलात की आधी आंघोळ, मग खुर्ची.